बिननावाचं बटण

नोकरीच्या पहिल्याच दिवशी माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. आंधळ्या माणसासाठी लोक कशालाही टाळ्या वाजवतात, जिना चढला तरी आणि चहा न सांडता प्यायला तरी, त्यामुळे एरवी मी टाळ्यांना भीक घालत नाही. पण त्या दिवशीच्या टाळ्या कामासाठी होत्या, आणि खरं सांगायचं तर मी त्यांना भुलले. पुढे जे झालं ते त्या भुलण्यातून झालं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

कंपनीचं नाव सांगायला करारानं मनाई आहे, तेव्हा तिला नुसतं कंपनी म्हणते. ऑफिस पुण्यात, बाणेरला, सातव्या मजल्यावर. माझं पद सुगम्यता तंत्रज्ञ. म्हणजे फोनमधली ॲप, वेबसाइट आणि घरोघरची बोलकी यंत्रं न बघता वापरता येतात की नाही ते तपासायचं. मी ऋजुता धनवडे, वय चौतीस. सातव्या महिन्यात जन्मले, काचेच्या पेटीत ठेवलं, तिथे प्राणवायू जास्त झाला आणि डोळ्यांचे पडदे गेले. संगणकाची पदवी घेऊनही अकरा वर्षं एका कॉल सेंटरमध्ये लोकांची बोलणी खाल्ली. मला दिसत नाही हे ज्या कामात अडचण नसून पात्रता होती, असं हे पहिलंच काम. त्याचं मला किती अप्रूप होतं ते डोळस वाचकाला सांगून कळेल की नाही, शंका आहे.

माझा वरिष्ठ अद्वैत कारखानीस. माझ्याहून लहान, मनानं चांगला, बोलताना सतत पेनाचं टोपण उघडमीट करणारा. त्यानं डॉक्टरची वेळ घ्यायचं एक ॲप उघडलं आणि फोन माझ्या हातात दिला. "वेळ ठरवून दाखव. घाई नाही."

स्क्रीन-रीडर म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा आवाज. माझा मी इतका भरधाव ठेवते की इतरांना त्यात एकही शब्द सापडत नाही. ते ॲप वाईट होतं, कुणीतरी उरकून टाकलेलं. बटणाच्या मागे त्याचं नाव लिहिलेलं असलं तरच रीडर ते वाचतो. प्रोग्रामरनं कंटाळा केला, तर नुसतं 'बटण' म्हणून पुढे जातो. या ॲपमध्ये एकाच पानावर अशी पाच बिननावाची बटणं होती. पण असली पानं चाचपण्यात माझं आयुष्य गेलेलं. मागे जायचं बटण वरच्या कोपऱ्यात, पुढे जायचं तळाशी, तारीख बदलायची दोन शेजारी शेजारी. मी मोजत गेले, दाबत गेले. अडतीस सेकंदांत वेळ ठरली.

"मला बघून दीड मिनिट लागतं," अद्वैत म्हणाला, आणि मागे उभ्या असलेल्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी मान खाली घातली. गाल गरम झाले होते.

* * *

पुढचे सहा आठवडे मी मनगटाला एक पट्टा बांधून काम केलं. तो पट्टा नाडी मोजायचा आणि बोटं हलवणाऱ्या स्नायूंमधली बारीक वीजही मोजायचा. कुठल्या बटणावर बोट किती वेळ थांबलं, कुठून मागे फिरलं, कुठे नाडी वाढली, सगळं टिपलं जात होतं. त्या नोंदींवरून कंपनीनं माझं प्रतिरूप तयार केलं. प्रतिरूप म्हणजे कुणी बाहुली नव्हे, चेहराबिहरा काही नाही. तो एक प्रोग्राम. समोर कुठलंही ॲप ठेवलं की ऋजुता धनवडे ते कशी वापरेल, कुठे अडेल, कुठे वैतागून सोडून देईल, हे तो करून दाखवतो. मी दिवसाला चार ॲप तपासायची. तो तासाला चारशे तपासायचा.

याची गरज कायद्यामुळे पडली होती. कुठलंही ॲप बाजारात आणण्याआधी ते एखाद्या अंध व्यक्तीनं वापरून पाहिलं पाहिजे, असा नियम झाला होता. नियम चांगला, पण ॲप लाखो आणि तपासणारे आम्ही मूठभर. मग दुरुस्ती आली: जिवंत माणसाच्या अधिकृत प्रतिरूपानं वापरलं तरी चालेल. अट एकच. दर तीन महिन्यांनी त्या माणसाची आणि प्रतिरूपाची जुळणी करायची. ऐंशी टक्क्यांच्या वर जुळलं की प्रतिरूप म्हणजे तोच माणूस, असं सरकार धरणार.

मी सहा आठवडे नुसती बोटं चालवली नव्हती. रोज संध्याकाळी अहवाल लिहायची. अमुक ॲपच्या तमुक पानावर बटणाला नाव नाही, ते द्यावं. एकूण नऊशेच्या वर त्रुटी लिहिल्या. ते अहवाल कुठे जातात हे मी विचारलं नाही. नव्या नोकरीत माणूस फार विचारत नाही.

तपासलेलं प्रत्येक ॲप उघडताना पहिल्यांदा एक वाक्य बोलायचं: 'हे ॲप अंध व्यक्ती ऋजुता धनवडे यांनी वापरून तपासले आहे.' ते पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी मी विट्याला दादाला फोन केला.

रणजितदादा माझ्याहून तेरा वर्षांनी मोठा. दूध संघाचा टँकर चालवायचा. साखरेच्या आजारानं त्याची नजर दोन वर्षांपासून उतरत चालली होती. आधी टँकर गेला, मग सायकल गेली, आता समोरचं माणूसही आवाजावरून ओळखायची वेळ आली होती. वहिनी जाऊन चार वर्षं झालेली. तो एकटाच राहायचा.

"दादा, आता घरोघरच्या फोनमध्ये माझं नाव बोलणार."

"काय सांगतीस," तो म्हणाला. मग फोन तसाच धरून त्यानं भिंतीपलीकडे हाक मारली, "मुमताजभाभी, आमच्या ऋजूचं नाव समद्या फोनात यायलंय." मी तेव्हा जगातली सर्वांत सुखी बाई होते असं म्हणायला हरकत नाही.

* * *

आठ महिन्यांनी, एका मंगळवारी दुपारी अडीच वाजता, मुमताजभाभींचा फोन आला.

"ऋजू, घाबरू नको बाळा. दादाला दवाखान्यात आणलंय. न्हाणीत पडला होता. आता शुद्धीवर आहे."

मी विट्याला पोचले तोवर सलाइन संपत आलं होतं. डॉक्टर म्हणाले, रक्तातली साखर अगदी खाली गेली होती, अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. इन्शुलिन दोनदा गेलं होतं. दादाच्या दंडाला पंप होता. फोनवरच्या ॲपमध्ये काय जेवणार ते सांगायचं, ॲप डोस ठरवतं, आपण बटण दाबून तो मंजूर करायचा.

"पंपात दोष नाही," डॉक्टर म्हणाले. "वापरण्यात चूक झाली."

ते गेल्यावर मी दादाचा फोन मागितला आणि ॲप उघडलं. 'हे ॲप अंध व्यक्ती ऋजुता धनवडे यांनी वापरून तपासले आहे.' मग जेवणाचं पान आलं, डोसचा आकडा आला आणि त्याखाली रीडर म्हणाला, 'बटण. बटण. बटण.'

माझं बोट आपोआप तिसऱ्यावर गेलं. मंजूर. मधलं असणार बदलायचं, पहिलं रद्द करायचं. मला विचारसुद्धा करावा लागला नाही.

"दादा, तू यातलं कुठलं दाबायचास?"

लहान पोरासारखं कबूल केल्यागत तो म्हणाला, "कधी ह्ये, कधी त्ये. दाबल्यावर काय बोलतच न्हाई गं त्ये. गेलं का न्हाई गेलं, कळंना. म्हणून मी दुपारचं जेवणच सोडलं हुतं महिनाभर. जेवलं न्हाई तर बटण दाबाय नको. आज भाभीनं भाकरी दिली, वास आला, ऱ्हावलं न्हाई. एकदा दाबलं. वाटलं गेलं न्हाई, म्हणून परत दाबलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू?" तो म्हणाला. "रोज उघडलं की तुझं नाव येतंय. ऋजूनं वापरून बघितलंय म्हंजे बरोबरच आसणार. म्हटलं, तिला जन्मापासनं दिसत न्हाई आन् तिला जमतंय. आपल्यालाच अक्कल न्हाई."

मी त्याच्या पलंगाच्या कडेला बसून रडले. तो माझी पाठ थोपटत होता, वर मलाच म्हणत होता की पुढच्या बारीला नीट दाबीन.

* * *

दुसऱ्या दिवशी मी अद्वैतच्या केबिनमध्ये होते.

"त्या पंपाच्या ॲपचा माझा अहवाल काढ," मी म्हणाले. "नसेल, कारण ते मी स्वतः कधी पाहिलंच नाही. प्रतिरूपानं पास केलं. तीन बटणांना नावं नसताना."

"नावं नाहीत हे त्याला दिसलं असेल ना. पण ते अडलं नाही." त्यानं कुठलीशी नोंद उघडली. "हं. चार सेकंदांत पार. अडचण शून्य."

"अडलं नाही कारण मी अडत नाही. मला सवय आहे."

"तेच तर, ऋजुता. सवय होते."

मी त्याला विचारलं. मी अहवालात नऊशे त्रुटी लिहिल्या, त्या प्रतिरूपात का नाहीत? तो म्हणाला, प्रतिरूप अहवालातून घडत नाही, हातातून घडतं. माणसं तोंडानं तक्रारी करतात आणि हातानं काम उरकतात, म्हणून कायद्यानंच हाताची नोंद प्रमाण मानली आहे. आणि माझे हात त्या सहा आठवड्यांत कुठे अडले होते? टाळ्या मिळवायच्या नादात मी प्रत्येक खाचखळगा उडी मारून ओलांडला होता. माझ्या हुशारीचाच साचा काढला होता त्यांनी, आणि त्या साच्यातून आता सगळ्या राज्यातली आंधळी माणसं काढायची होती.

"हा पंप किती जणांकडे आहे?"

"नीट दिसत नाही अशा साधारण साडेचार हजार जणांकडे. एकही तक्रार नाही."

"त्या सगळ्यांना वाटत असेल की चूक त्यांचीच आहे."

टोपण उघडलं, मिटलं. "हे मोजता येत नाही ना."

मी राजीनामा देते म्हणाले. त्यानं करारातलं कलम वाचून दाखवलं. मी गेले तरी प्रतिरूप पाच वर्षं कंपनीकडे राहणार होतं आणि दर तीन महिन्यांनी जुळणीला येणं मला बंधनकारक होतं. बाहेर बोलायला मनाई होती. आणि बोलले असते तरी काय? लोक म्हणाले असते, हिनंच तर तपासलंय.

"मग यातून बाहेर कसं पडायचं?"

"दोनच वाटा आहेत," तो हळू आवाजात म्हणाला. मला वाटतं, ते सांगताना त्यालाही बरं वाटत नव्हतं. "जुळणी ऐंशीच्या खाली गेली तर प्रतिरूप रद्द होतं. किंवा एखाद्या वापरणाऱ्यानं अपघातापासून तीस दिवसांत तक्रार मंचाकडे तक्रार केली तर. मग प्रतिरूपानं पास केलेलं सगळंच पुन्हा जिवंत माणसांकडून तपासायला लागतं. पण ते तू मनातही आणू नकोस. ज्याच्या प्रमाणपत्राविरुद्ध तक्रार सिद्ध होते त्या माणसाचं नाव अपात्र यादीत जातं. कायमचं. या क्षेत्रात तुला पुन्हा कुणी उभं करणार नाही."

* * *

जुळणी वीस दिवसांवर होती. मी ठरवलं, आपण बदलायचं.

खोटं अडखळून चालणार नव्हतं. मला मी खरोखर अडणारी बाई व्हायचं होतं. घरी मी रीडरचा वेग दादाच्या रीडरइतका केला. 'बटण' ऐकू आलं की हात मांडीवर ठेवायचे आणि बसून राहायचं, नाव सांगेपर्यंत. नाव कुणी सांगायचं नाही, त्यामुळे मी बसूनच राहायची. गॅसचा नंबर लावता येईना, रिक्षा बोलावता येईना. दोन दिवस मी चालत ऑफिसला गेले. आयुष्यभर ज्या जमवून घेण्याचा मला माज होता, ते सोडणं किती अवघड आहे ते तेव्हा कळलं. कधी कधी रागानं फोन गादीवर आपटायची आणि मग वाटायचं, दादा हे रोज करत होता, आणि वर उपाशी राहत होता.

जुळणीची खोली लहान होती, एसीची हवा थेट मानेवर येणारी. पट्टा बांधला. चाळीस कामं. पहिल्या कामाच्या तिसऱ्या पानावर रीडर म्हणाला, 'बटण. बटण.' मी हात मांडीवर ठेवले. पाच सेकंद, दहा सेकंद, मिनिट. मनात म्हटलं, मला माहीत नाही, मला माहीत नाही. काम सोडून दिलं. दुसरंही सोडलं. चाळीसपैकी एकतीस कामं मी अर्धवट सोडली. खोलीतून बाहेर आले तेव्हा पाठ घामानं भिजली होती, पण मला हलकं वाटत होतं.

अद्वैतनं निकाल वाचला. "शहाण्णव टक्के."

मी तो आकडा त्याला पुन्हा वाचायला लावला.

"तू बोट हलवलं नाहीस," तो म्हणाला, "पण प्रत्येक वेळी ते निघालं होतं. बोट निघतं आणि आपण अडवतो, तेव्हा मनगटात वीज येतेच. पट्टा ती वाचतो. शिवाय योग्य त्याच बटणाकडे निघालं होतं. मुद्दाम केलेला विलंब यंत्र वगळतं." त्यानं टोपण मिटलं. "तुझ्यापेक्षा ते तुला नीट ओळखतं, ऋजुता. वाईट वाटून घेऊ नकोस."

प्रतिरूपाला आणखी तीन महिने मिळाले. त्या आठवड्यात माझ्या नावानं सात हजार नवी ॲप पास झाली, असं मला जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी कौतुकानं सांगितलं. मी डबा बंद केला. स्वतःच्या हातांची भीती वाटणं ही काय चीज आहे, ते त्या दिवशी कळलं. नोकरी सोडून पळाले असते तरी हे हात बरोबरच येणार होते.

* * *

तिसावा दिवस गुरुवार होता. मी सकाळच्या गाडीनं विट्याला गेले. मंचाचा अर्ज सहा वाजता बंद होणार होता.

दादा अंगणात खाटेवर बसला होता. दवाखान्यातून आल्यापासून मुमताजभाभी त्याला इंजेक्शन देत होत्या, सुईनं, जुन्या पद्धतीनं. मी त्याला सगळं सांगितलं. प्रतिरूप काय ते, माझे हात काय ते, टाळ्यासुद्धा. आणि तक्रार कर म्हणाले.

"कुणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

"येडी का खुळी तू?" तो म्हणाला. "मी तुझ्या पोटावर पाय दिऊ? मला न्हाई जमायचं. मी सुई घेतो की. काय बिघडलं?"

"तू घेशील. बाकीचे साडेचार हजार?"

"त्यांचं त्ये बघतील."

मी वाद घातला, रागावले. मुमताजभाभींनी चहा आणून ठेवला. चहा निवला तरी कुणी हात लावला नाही. मग दादाच बोलायला लागला, माझ्याशी नाही, समोर बघत असल्यासारखा.

"संघात एक टँकर हुता. सोळा नंबर. ब्रेक लई खाली लागायचा. मला कळायचं कुठनं पाय दाबायचा, कुठं गिअर पाडायचा. घाटातनं बी आरामात आणायचो. गॅरेजात वही आसती, गाडीत काय बी खोट दिसली की डायवरनं त्यात लिहायची. मी कधी लिवलं न्हाई. लिवायचं काय? मला गाडी येत हुती. बाकीचे डायवर म्हनायचे, सोळा नंबर चालवावा तर रणजितनं. तुझी वहिनी गेली तवा मी चार दिवस रजेवर हुतो. सोळा नंबरवर कुंडलिक गेला. नवा पोरगा न्हवता, चांगला डायवर. वहीत काय न्हवतंच लिवलेलं. घाटात गाडी गेली खाली. पाय कापला त्याचा, गुडघ्यापातुर."

भाभी म्हणाल्या, "हे कधी बोलला नाहीस रणजित."

"कुणाला सांगायचं? चौकशीत आलं, डायवरची चूक. कुंडलिक बी त्येच म्हनतो आजपातुर. माझीच चूक, म्हनतो."

मी त्याचा हात शोधून धरला. तो थंडगार होता.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "चालू कर त्ये तुझं."

मला काहीच चालू करता येणार नव्हतं. खोट्या तक्रारी येतात म्हणून मंचाचा अर्ज बोटांची ढब ओळखतो आणि माझी ढब तर सरकारदरबारी नोंदलेली. माझं एक बोट लागलं असतं तरी अर्ज बाद झाला असता. मजकूर बोलून सांगता येत होता, पण बटणं दादानंच दाबायला हवी होती. त्यानं पान उघडलं आणि आवाज आला: 'हे संकेतस्थळ अंध व्यक्ती ऋजुता धनवडे यांनी वापरून तपासले आहे.'

दादा हसला. मग मीही हसले, हसता हसता दोघांचीही पुरेवाट झाली.

त्यानंतरचे दोन तास मी हात पाठीमागे बांधून बसले. तो चाचपत होता, चुकत होता, पहिल्या पानावर परत जात होता. मी सांगत होते: अजून एक उजवीकडे, आता दोनदा, नाही, तो मदतीचा आहे, मागे ये. काय घडलं ते त्यानं सांगितलं, उपाशी राहिल्याचंही सांगितलं. तक्रार कोणाविरुद्ध, या प्रश्नाला तो अडला. मी म्हणाले, सांग. त्यानं माझं पूर्ण नाव सांगितलं, मधल्या बाबांच्या नावासकट. ते नाव त्याच्या तोंडून असं ऐकताना फार वाईट वाटलं. आम्हा दोघांचंही अर्धं नाव तेच होतं.

सहाला बारा मिनिटं असताना शेवटचं पान आलं. रीडर म्हणाला, 'बटण. बटण.' आणि संपलं.

ते पान मला पाठ होतं. पट्टा बांधलेल्या त्या सहा आठवड्यांत मीच ते पार केलं होतं, आणि संध्याकाळी अहवालात लिहिलंही होतं. एकानं अर्ज दाखल होतो. दुसऱ्यानं सगळा पुसला जातो, आणि पुन्हा भरायला बारा मिनिटं पुरणार नव्हती.

"कुठलं?" दादानं विचारलं.

मला लगेच सांगता आलं नाही, हे कबूल करायला हवं. त्या क्षणी मला बाणेरचं सातव्या मजल्यावरचं माझं टेबल आठवलं. ज्या एका जागी मी आहे तशी हवी होते, ती जागा. नाव यादीत गेलं की पुन्हा कॉल सेंटर, पुन्हा लोकांची बोलणी, तीही मिळाली तर. आणि माझ्या तोंडून चुकीचं बटण गेलं असतं, तर ते या अंगणात कुणालाही कळलं नसतं.

दादानं बोट पडद्यावरून उचललं. तो माझ्याकडे वळला असावा, कारण आवाज जवळून आला.

"ऋजू, दोन्हीतलं कुठलं बी सांग," तो म्हणाला. "तू सांगशील त्ये दाबतो. परत इचारणार न्हाई. कधीच."

त्यानं मला मोकळं केलं होतं. माझ्या सगळ्या आयुष्यात कुणी मला इतकं मोकळं केलं नव्हतं, आणि त्यातून पळून जायला जागाच नव्हती.

"पहिलं," मी म्हणाले.

त्यानं दाबलं. फोन काहीच बोलला नाही. आम्ही दोघं कान देऊन बसलो. गल्लीतून एक मोटारसायकल गेली. मग रीडर, दादानं लावलेल्या त्या हळू वेगात, एकेक शब्द तोडत म्हणाला, 'तक्रार दाखल झाली.'

दादानं फोन खाटेवर पालथा ठेवला. त्यानं हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

"झालं का रे?" मुमताजभाभींनी दारातून विचारलं.

"झालं," दादा म्हणाला. "ऋजूनं सांगितलं तसं दाबलं."